शब्दांचे सोबती : इंग्रजीत ठाम विरोध कसा नोंदवावा



आपल्या मराठीत काळोख मिट्ट असतो. रंग काळाकुट्ट, लालभडक, हिरवागार किंवा पांढराशुभ्र असतो. माणूस ठार बहिरा असतो आणि आजारातून उठला म्हणजे ठणठणीत बरा होतो. या जोड्या आपण कोणत्याही पुस्तकातून शिकलेलो नाही. तरीही 'हिरवाकुट्ट शालू' किंवा 'ठणठणीत बहिरा' असे कोणी म्हटले, तर घरातील लहान मूलदेखील हसेल. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात दोष काढता येणार नाही. पण भाषेत केवळ व्याकरण पुरत नाही. कोणत्या शब्दाची कोणाशी सोयरीक जमते, हे रूढीने ठरलेले असते.

विरोध व्यक्त करतानाही आपण हाच संकेत पाळतो. विरोध आपण कडाडून करतो, नकार साफ देतो, निषेध तीव्र शब्दांत नोंदवितो आणि आरोपाचा स्पष्ट इन्कार करतो. 'त्याने कडाडून नकार दिला' किंवा 'सभेने साफ विरोध केला' ही वाक्ये कानाला तत्काळ खटकतात. इंग्रजीतही हाच प्रकार आहे. फरक इतकाच की, आईच्या मांडीवर ऐकलेल्या भाषेत कान जे काम करतो, ते परकीय भाषेत अभ्यासाने करावे लागते.

शब्दांच्या या सोबतीला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात. भाषाशास्त्रात या संज्ञेला प्रतिष्ठा मिळवून देणारे जे. आर. फर्थ हे १९१९ ते १९२८ या काळात लाहोर येथे पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या नेहमीच्या संगतीवरून कळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्याही आधी, १९३३ मध्ये, हॅरल्ड पामर यांनी टोकियो येथे अशा इंग्रजी शब्दजोड्यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. जपानमध्येच इंग्रजी शिकविणारे ए. एस. हॉर्नबी यांनी परभाषिक विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डतर्फे निघाला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना शिकवितानाच या विषयाची निकड जाणवावी, हे स्वाभाविक आहे. ज्याचे घर आहे, त्याला घराची वाट विचारावी लागत नाही.

महाराष्ट्राबाहेर वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांना या विषयाचे महत्त्व अधिक आहे. चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूर येथे राहणाऱ्या गृहस्थाला महानगरपालिकेला, शाळेला अथवा बँकेला तक्रार लिहावयाची झाली, तर पुष्कळदा इंग्रजीचाच आधार घ्यावा लागतो. समोरासमोर बोलताना स्वर आणि मुद्रा मदतीला येतात. कागदावर मात्र शब्द एकटे असतात. तेथे एक शब्द चुकला, तर विरोधाचा अर्थच पालटतो.

आधी क्रियापद, मग विशेषण

क्रियाविशेषण शोधण्यापूर्वी क्रियापद नेमके निवडावयास हवे. आपला गोंधळ बहुधा येथेच सुरू होतो. मराठीतील 'नाकारणे' हे क्रियापद फार उदार आहे. आपण आमंत्रण नाकारतो, अर्ज नाकारतो, आरोप नाकारतो आणि साक्ष देण्याचेही नाकारतो. इंग्रजीत मात्र या चार कामांसाठी चार निरनिराळी क्रियापदे आहेत.

सांगितलेले किंवा मागितलेले काम करावयाचे नसेल, तर 'रिफ्यूज'. पुढे आलेला प्रस्ताव, अर्ज अथवा मागणी अमान्य करावयाची असेल, तर 'रिजेक्ट'. आमंत्रण किंवा देऊ केलेली वस्तू सौजन्याने नको म्हणावयाची असेल, तर 'डिक्लाइन'. आणि एखादे विधान खरे नाही असे सांगावयाचे असेल, तर 'डिनाय'. म्हणून 'तो यावयास नकार देत होता' या अर्थी 'ही डिनाइड टु कम' असे जे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते, ते अशुद्ध आहे. तेथे 'ही रिफ्यूज्ड टु कम' असेच हवे. 'डिनाय'चा आणखी एक उपयोग आहे. एखाद्याला त्याचा हक्क अथवा परवानगी मिळू न देणे, या अर्थीही ते योजले जाते. परंतु 'टु' लावून पुढे दुसरे क्रियापद जोडण्याची सोय त्याला नाही.

याच कुळातील 'रिफ्यूट' हे क्रियापद जपून वापरावे. आरोप खोटा आहे एवढेच म्हणणे म्हणजे 'डिनाय'. तो खोटा असल्याचे पुराव्याने सिद्ध करणे म्हणजे 'रिफ्यूट', असा भेद काटेकोर लेखक पाळतात. हाती पुरावा नसताना हा शब्द लिहिणे म्हणजे खिशात पैसे नसताना हुंडी लिहिण्यासारखे आहे.

'विरोध करणे' या अर्थाच्या क्रियापदांचीही अशीच वाटणी आहे. 'अपोज'ला कर्म थेट जोडले जाते : 'वुई अपोज द प्लॅन'. मराठीत आपण योजने'ला' विरोध करतो, म्हणून इंग्रजीतही मध्ये 'टु' घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. 'टु' येतो तो 'वुई आर अपोज्ड टु द प्लॅन' अशा रचनेत. उलट 'ऑब्जेक्ट'ला, म्हणजे हरकत घेण्याला, 'टु' अवश्य लागतो : 'वुई ऑब्जेक्ट टु द प्लॅन'. 'डिसअग्री'च्या मागून 'विथ' येतो. निषेध करण्याच्या अर्थी 'प्रोटेस्ट'च्या मागून बहुधा 'अगेन्स्ट' येतो.

नेमका इन्कार का महत्त्वाचा

हा शब्दच्छल आहे असे कोणास वाटेल, तर त्याने आपल्या देशाची १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता पाहावी. तिच्या आठव्या आदेशातील ३, ४ आणि ५ हे तीन नियम केवळ इन्कार कसा करावा यासंबंधी आहेत. वादीने केलेले प्रत्येक तथ्यविषयक विधान प्रतिवादीने नेमकेपणाने नाकारले पाहिजे. मोघम 'सर्व खोटे आहे' म्हणून भागत नाही. जे विधान नेमकेपणाने अथवा ओघानेच नाकारले जात नाही आणि जे मान्य नाही असेही म्हटले जात नाही, ते सर्वसाधारणपणे मान्य केले असे धरले जाते. अर्थात, असे असूनही पुरावा मागण्याचा अधिकार न्यायालयाला असतो.

चौथ्या नियमातील उदाहरण तर भाषेच्या विद्यार्थ्याने मनात साठवावे असे आहे. अमुक रक्कम तुम्हाला मिळाली, असे वादीने म्हटले, तर 'तेवढी रक्कम मिळाली नाही' हे उत्तर पुरेसे नाही. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाही, असे म्हणावे लागते. अन्यथा प्रत्यक्षात किती मिळाली, ते सांगावे लागते. कारण 'तेवढी मिळाली नाही' या वाक्यातून 'थोडी कमी मिळाली' अशी पळवाट उघडी राहते. वकिलांच्या लिखाणात 'स्पेसिफिकली डिनाय' ही जोडी वारंवार दिसते, तिचे मूळ या नियमांत आहे. येथे क्रियाविशेषण शोभेसाठी आलेले नाही. त्याच्या अंगावर जबाबदारी आहे.

कोणाचा सोबती कोण

आता मुख्य जोड्यांकडे वळू.

'अपोज'चा सर्वांत विश्वासू सोबती 'स्ट्राँगली'. अर्ज, ठराव, निवेदन, सभेतील भाषण, कोठेही 'वुई स्ट्राँगली अपोज' हे शोभते. 'फर्मली' म्हटल्यास जोराऐवजी ठामपणा पुढे येतो. 'व्हेमेंटली' म्हणजे आवेशाने. त्यात भावनेचा भर असतो. 'बिटरली अपोज' यात कटुता आहे. 'त्या पक्षाने विधेयकाला कडवा विरोध केला' असे दुसऱ्याविषयी सांगताना ती जोडी योग्य आहे. परंतु स्वतःच्या अर्जात 'आम्ही कडवटपणे विरोध करतो' असे कोण लिहील?

'ऑब्जेक्ट'बरोबर 'स्ट्राँगली' चालतेच. शिवाय 'स्ट्रेन्युअसली' ही त्याची खास सोबतीण आहे. तिच्यात कष्टाचा, नेटाचा अर्थ आहे. हरकत घेणारा ती लवकर सोडणार नाही, असे ती सुचविते.

'रिफ्यूज'चा सोबती 'फ्लॅटली'. 'फ्लॅट' म्हणजे सपाट. ज्या नकारात चढ नाही, उतार नाही, 'पण' आणि 'परंतु' यांना टेकावयास जागा नाही, तो 'फ्लॅटली रिफ्यूज'. आपल्या 'साफ नकार'शी याचे नाते किती जवळचे आहे, पाहा. बोलण्यात 'ही रिफ्यूज्ड पॉइंट-ब्लँक' असेही म्हणतात. तेथे सोबती क्रियापदाच्या मागून येतो.

'डिनाय'ला 'फ्लॅटली' चालते. पण अधिकृत खुलाशात 'कॅटेगॉरिकली' हा शब्द अधिक आढळतो. तर्कशास्त्रात 'कॅटेगॉरिकल' विधान म्हणजे ज्याला 'जर-तर' जोडलेले नाही असे निरपवाद विधान. म्हणून 'कॅटेगॉरिकली डिनाय' याचा अर्थ मोठ्याने नाकारणे असा नसून, कोणतीही अट न ठेवता नाकारणे असा आहे.

'रिजेक्ट'च्या पुढे 'फर्मली' येते. सभेने एकमताने फेटाळले तर 'अननिमसली', आणि फारशी चौकशी न करता फेटाळले तर 'समॅरिली'. 'डिसअग्री'बरोबर 'स्ट्राँगली', 'कम्प्लीटली' व 'टोटली' येतात. दोन मते परस्परांच्या अगदी टोकाला असतील, तर त्यांना 'डायमेट्रिकली अपोज्ड' म्हणतात. ही प्रतिमा वर्तुळाच्या व्यासाची आहे : व्यासाची दोन टोके एकमेकांपासून जितकी दूर, तितकी ती मते दूर. पण ही जोडी मतांच्या स्थितीचे वर्णन करते. 'आय डायमेट्रिकली अपोज' असे लिहू नये.

एका शब्दाविषयी विशेष सूचना द्यावीशी वाटते. 'कडक' या मराठी शब्दाच्या वळणावर 'आय स्ट्रिक्टली अपोज' असे पुष्कळ जण लिहितात. 'स्ट्रिक्टली' हा नियमांचा सोबती आहे, मतांचा नव्हे. त्याची जागा मनाई करणाऱ्या क्रियापदाशेजारी. सार्वजनिक ठिकाणच्या पाट्यांवर 'स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड' असे असते ते यामुळेच. नियम कडक असतो, विरोध ठाम असतो. हा भेद मराठीतही आहे आणि इंग्रजीतही.

जागा चुकली की अर्थ चुकला

योग्य सोबती मिळाला तरी त्याला योग्य जागी बसवावयास हवे. साधारण नियम असा की, या अर्थाचे क्रियाविशेषण कर्त्याच्या नंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी ठेवावे : 'आय स्ट्राँगली अपोज धिस प्रपोजल'. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये ते घुसवून 'आय अपोज स्ट्राँगली धिस प्रपोजल' असे लिहिले, तर वाक्य अडखळते. साहाय्यक क्रियापद असल्यास त्याच्या नंतर : 'द कमिटी हॅज फर्मली रिजेक्टेड द डिमांड'.

'नॉट' जवळ असेल, तर दुप्पट सावध राहावे. 'आय टोटली डिसअग्री' म्हणजे 'मला हे मुळीच मान्य नाही'. 'आय डोन्ट टोटली अग्री' म्हणजे 'मला हे पूर्णपणे मान्य नाही', अर्थात काही अंशी मान्य आहे. पहिल्या वाक्यात दार बंद आहे, दुसऱ्यात किलकिले आहे. ज्याला दार बंद करावयाचे आहे, त्याने दुसरे वाक्य लिहून पाठविले, तर पलीकडचा गृहस्थ वाटाघाटीसाठी येऊन बसल्यास त्याला दोष देता येणार नाही.

विरोधाच्या पायऱ्या

राजनीतीच्या व्यवहारात या शब्दांचे वजन मोजूनमापून ठरवितात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांत तीव्र खेद व नापसंती दर्शविणारे 'डिप्लोअर्स', निषेधाचे 'कंडेम्स', त्याहून वरचे 'स्ट्राँगली कंडेम्स' अशा पायऱ्या दिसतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दुसऱ्याच दिवशी संमत झालेल्या १३६८ क्रमांकाच्या ठरावात 'कंडेम्स'च्या आधी 'अनइक्विव्होकली', म्हणजे निःसंदिग्धपणे, हा शब्द आला आणि मागून 'अत्यंत कठोर शब्दांत' या अर्थाचा शब्दसमूहही आला. इतका भार प्रत्येक ठरावात घातला असता, तर त्या दिवशी परिषदेजवळ अधिक जड शब्द उरला नसता. शेवटची पायरी शेवटच्या प्रसंगासाठी राखून ठेवावी, हे शहाणपण घरगुती पत्रव्यवहारातही उपयोगी पडते.

कधी कधी क्रियाविशेषण गाळल्यानेच धार चढते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बहुमताशी असहमत असलेले न्यायाधीश आपल्या भिन्नमतपत्राचा शेवट बहुधा 'आय रिस्पेक्टफुली डिसेंट' असा करतात. 'मी आदरपूर्वक असहमती नोंदवितो' ही तेथील शिष्टाचाराची वाक्यरचना होय. १२ डिसेंबर २००० रोजी, अध्यक्षीय निवडणुकीच्या मतमोजणीसंबंधीच्या 'बुश विरुद्ध गोर' या खटल्यात, न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी केवळ 'आय डिसेंट' एवढेच लिहिले. एक आदरवाचक शब्द आला नाही, आणि त्याची अनुपस्थिती साऱ्यांच्या ध्यानात आली. सौजन्याची सवय असेल तरच तिचा अभाव बोलका होतो, हेही यावरून दिसून येईल. जो नेहमीच कठोर बोलतो, त्याचे कठोर बोलणे कोणी मनावर घेत नाही.

क्रियाविशेषण बोलणाऱ्याची बाजूही उघड करते. एकाच नकाराला 'स्टेडफास्टली रिफ्यूज्ड' म्हटले की तो निर्धार ठरतो, 'स्टबर्नली रिफ्यूज्ड' म्हटले की हट्ट. घटना तीच; न्याय मात्र शब्दाने आधीच दिलेला असतो. वृत्तपत्र वाचताना या शब्दांवर नजर ठेवावी. बातमी देणारा कोणाच्या ओसरीवर उभा आहे, हे त्यावरून कळून येते.

शब्द एक, कारण पक्के

समजा, वस्तीतील मुलांचे क्रीडांगण वाहने ठेवण्यासाठी देण्याचा प्रस्ताव आहे आणि रहिवाशांना हरकत नोंदवावयाची आहे. संतापाच्या भरात पुढील वाक्य लिहिले जाण्याचा संभव आहे : 'वुई व्हेरी मच स्ट्रिक्टली अपोज टु युवर टोटली राँग अँड मोस्ट शेमफुल डिसिजन'. यात विशेषणांची गर्दी आहे, एक 'टु' अधिक आहे, आणि हरकत कशाला व का, याचा पत्ता नाही. याऐवजी असे लिहावे : 'वुई स्ट्राँगली अपोज द प्रपोजल टु यूज द प्लेग्राउंड फॉर पार्किंग. इट इज द ओन्ली ओपन स्पेस इन अवर वॉर्ड. वुई रिक्वेस्ट ॲन ऑपॉर्च्युनिटी टु बी हर्ड.' क्रीडांगणाचा असा उपयोग करण्याच्या प्रस्तावाला आमचा ठाम विरोध आहे. आमच्या प्रभागात तेवढीच एक मोकळी जागा आहे. आमचे म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. तीन वाक्ये, एकच जोरदार क्रियाविशेषण, एक पडताळून पाहता येणारे कारण आणि एक मागणी. उत्तर देणाऱ्याला आता कारणाचे उत्तर द्यावे लागेल; संतापाचे उत्तर देण्याचे बंधन कोणावर नसते.

कायद्याची अपेक्षाही हीच असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार, प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांच्या आत हितसंबंधी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. ती जमिनीचे क्षेत्र व योग्यता, सार्वजनिक प्रयोजनाचे समर्थन आणि सामाजिक परिणामांच्या अहवालातील निष्कर्ष यांविषयी असावी, असे कलमात सांगितले आहे. हरकतदाराला आपली बाजू मांडण्याची संधी देण्याचीही तरतूद आहे. अशा हरकतपत्रात 'स्ट्रेन्युअसली ऑब्जेक्ट' हे दोन शब्द लिहिणे सोपे आहे. ते शब्द पेलून धरतील अशी माहिती त्यांच्या खाली लिहिणे, हे खरे काम.

स्वाध्याय

पुढील वाक्यांचे इंग्रजी स्वतः करून पाहावे. घरातील मुलांनाही विचारावे. उत्तरे खाली दिली आहेत, पण ती आधी पाहू नयेत.

१. त्याने सही करण्यास साफ नकार दिला.
२. मंत्र्यांनी आरोपाचा निःसंदिग्ध इन्कार केला.
३. सभेने प्रस्ताव एकमताने फेटाळला.
४. भाडेवाढीला आमची तीव्र हरकत आहे.
५. मी आपल्याशी आदरपूर्वक असहमत आहे.

उत्तरे : १. 'ही फ्लॅटली रिफ्यूज्ड टु साइन.' २. 'द मिनिस्टर कॅटेगॉरिकली डिनाइड द चार्ज.' ३. 'द मीटिंग अननिमसली रिजेक्टेड द प्रपोजल.' ४. 'वुई स्ट्राँगली ऑब्जेक्ट टु द इन्क्रीज इन रेंट.' ५. 'आय रिस्पेक्टफुली डिसअग्री विथ यू.'

पाचही वाक्यांत क्रियाविशेषण एकेकच आहे, याची नोंद घ्यावी. या जोड्या पाठ करण्यापेक्षा वाचताना टिपून ठेवाव्यात. एक लहानशी वही करावी. डाव्या पानावर क्रियापद आणि उजव्या पानावर त्याचे भेटलेले सोबती, असे लिहीत जावे. ज्यांना कोशाची मदत हवी, त्यांच्यासाठी २००२ मध्ये निघालेला ऑक्सफर्डचा शब्दजोड्यांचा स्वतंत्र कोश उपयोगी आहे; त्यात प्रत्येक क्रियापदापुढे त्याला शोभणारी क्रियाविशेषणे दिलेली आढळतील. वर्षभरात ही वही भरली, तर पुढच्या वेळी हरकतीचा अर्ज लिहावयास घरात दुसऱ्या कोणाला बोलवावे लागणार नाही.